मिनिटाला तीन मिलिमीटर : अर्धशिशीच्या शोधाची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली एक दुपार. मी जेलमध्ये सॅम्पल भरत होते आणि ट्यूबवर माझ्याच हातानं लिहिलेला आकडा मला वाचता येईना. '१४' लिहिलं होतं. १ कडे पाहिलं की शेजारचा ४ नाही. ४ कडे पाहिलं की त्याच्या पुढचं काहीच नाही. काळं दिसत होतं असंही नव्हतं, तिथे नुसतं काही नव्हतं. पाचेक मिनिटांनी त्या रिकाम्या जागेच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी एक चमचमणारी रेघ उगवली आणि हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. मी डावा डोळा झाकला, रेघ होती तिथेच. उजवा झाकला, तरी तिथेच. वीसेक मिनिटांत ती नजरेच्या कडेला जाऊन विरली. सगळं स्वच्छ दिसायला लागलं, म्हणून मी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि मग डाव्या कानशिलात ठणका सुरू झाला. पुढचा दीड दिवस हॉस्टेलच्या खोलीत पडदे लावून, बादली जवळ ठेवून.

तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले तेव्हा एका सीनियरनं विचारलं, "डोकंच दुखत होतं ना?" त्यात खोच नव्हती. पण त्या 'डोकंच'मधल्या 'च'नं मला नंतर बरंच वाचायला लावलं. हा लेख त्या वाचनातून आलाय. माझं संशोधन मेंदूवर नाही, प्रथिनांवर आहे, त्यामुळे हे बाहेरच्या माणसानं सांगितलेलं समजा. (आणि हो, असं काही तुम्हाला पहिल्यांदाच झालं तर आधी डॉक्टरांना दाखवा. पक्षाघात किंवा दृष्टिपटलाचा बिघाडही सुरुवातीला असाच वाटू शकतो. वाचन नंतर.)

घरी फोन केला तर आजी म्हणाली, "अर्धशिशी उठली असेल." तिला स्वतःला होती. कपाळाला सुंठीचा लेप, वरून फडकं करकचून बांधलेलं आणि माजघरातला अंधार, हे तिचं औषध. शब्द किती नेमका आहे पाहा. अर्धशिशी म्हणजे अर्धं शीर्ष. दुसऱ्या शतकातल्या गॅलेननं वापरलेला ग्रीक शब्द हेमिक्रेनिया, त्याचाही अर्थ अर्धं डोकं. तोच झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'मिग्रेन' झाला. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात अर्धावभेदक आहे : अर्ध्या डोक्यात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना, चक्कर, आणि ती दहा दिवसांनी, पंधरवड्यानं किंवा अचानक येते. म्हणजे हा आजार ठरावीक अंतरानं परत परत येतो, हे तेव्हाही नोंदलेलं होतं. एखाद्या दिवशीच्या डोकेदुखीपासून त्याला वेगळं काढणारी खूण हीच.

मला जास्त रस आहे तो एकोणिसाव्या शतकापासून पुढे.

ह्यूबर्ट एअरी हा इंग्लंडमधला डॉक्टर. त्याचे वडील जॉर्ज एअरी ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ होते आणि गंमत म्हणजे त्यांनाही हाच प्रकार व्हायचा. त्यांनी १८६५ मध्ये त्यावर छोटा लेखही लिहिला होता. मुलगा शाळकरी वयापासून स्वतःचे अटॅक पाहत आला होता. १८७० मध्ये त्यानं रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये निबंध छापला आणि त्यासोबत चित्रं दिली. नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका, मग त्याची नागमोडी कड, मग ती कड रुंदावत, रंगीत होत, बाहेर सरकत गेलेली, अशी टप्प्याटप्प्यानं. ती वाकडीतिकडी रेघ त्याला वरून पाहिलेल्या किल्ल्याच्या तटबंदीसारखी वाटली. जुन्या युरोपातल्या ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्यांचे बुरूज डोळ्यांपुढे आणा. म्हणून त्यानं ग्रीकमधून 'तटदर्शन' अशा अर्थाचा 'टायकॉप्सिया' हा शब्द घडवला.

ही चित्रं मी पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. माझीच रेघ होती. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. एअरीनं चित्रात दोन बारकावे टिपले. एक, रेघ मध्याजवळ हळू सरकते आणि कडेला जाताना वेग घेते. दोन, तटबंदीचे दाते मध्याजवळ बारीक आणि बाहेर मोठे होत जातात. हे असं का, ते त्याला सांगता येणं शक्य नव्हतं. आपलं चित्र म्हणजे मेंदूत चाललेल्या एका बिघाडाचं छायाचित्रच आहे, एवढं त्याला वाटत होतं. कारण न कळताही बारकावा जसाच्या तसा नोंदवला, आणि तो पुढची सत्तर वर्षं वाट पाहत राहिला.

तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, एडवर्ड लिव्हिंग या इंग्लिश डॉक्टरनं मायग्रेनवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं, हे मज्जासंस्थेतलं वादळ आहे. ताण साचत जातो, एका क्षणी फुटतो आणि मग ओसरतो, अपस्माराच्या झटक्याचं हे दूरचं नातेवाईक. त्याच साली केंब्रिजच्या पीटर लॅथमनं उलट मांडलं : मेंदूच्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, म्हणून नजर जाते, मग फुगतात, म्हणून ठणकतं. दोघांपैकी लॅथमचं म्हणणं मोजता येण्याजोगं होतं. वादळ कशानं मोजणार? कानशिलावरची धमनी तर बोटाखाली लागते.

लॅथमच्या बाजूनं रोजचा अनुभवही होता. दुखणं ठणकतं, नाडीसारखं. कानशील दाबलं की बरं वाटतं. आजीचं फडकं म्हणजे हाच सिद्धांत, फक्त लेख न लिहिलेला. युरोपात एके काळी शल्यवैद्य यासाठी कानशिलाची धमनी कापूनही टाकत.

१९१८ मध्ये बाझेलच्या सँडोझ कंपनीत आर्थर स्टॉलनं अर्गट या बुरशीतून अर्गोटॅमिन वेगळं केलं. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि मायग्रेनचं दुखणं थांबवतं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ग्रॅहम आणि हॅरल्ड वुल्फ यांनी जो प्रयोग छापला, तो मी ज्युनियर मुलांना मुद्दाम दाखवते. अटॅक चालू असलेल्या रुग्णाच्या कानशिलाच्या धमनीचे ठोके त्यांनी यंत्रानं नोंदवले, मग अर्गोटॅमिन टोचलं. ठोक्यांची उंची खाली आली, आणि रुग्ण सांगत होता ती वेदनाही बरोबरीनं खाली आली. दोन रेषा, एकत्र उतरणाऱ्या. हा आलेख कुणाच्याही सेमिनारमध्ये टाळ्या घेईल.

वुल्फ कच्चा संशोधक नव्हता. १९४० मध्ये ब्रॉन्सन रे या शल्यचिकित्सकाबरोबर त्यानं जाग्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत डोक्यातलं नेमकं काय दुखतं याचा नकाशा केला. मेंदू स्वतः दुखत नाही. त्याची आवरणं आणि मोठ्या रक्तवाहिन्या दुखतात. हे आजही खरं मानलं जातं. त्याला स्वतःलाही मायग्रेन होती. पण १९३८च्या त्या आलेखातून एवढंच सिद्ध होतं की औषध दोन गोष्टी करतं : वाहिनी आकसवतं आणि वेदना कमी करतं. पहिलीमुळे दुसरी होते, हे आलेखात कुठेच नाही. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात आहे. तरी पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत मायग्रेन हा रक्तवाहिन्यांचा आजार राहिला.

वुल्फची आणखी एक देणगी आहे, ती मला वैयक्तिक नडलेली. १९३७ मध्ये त्यानं मायग्रेनच्या माणसांच्या स्वभावावर लिहिलं : महत्त्वाकांक्षी, काटेकोर, परिपूर्णतेचा हट्ट धरणारी. वाहिन्या कशामुळे बिघडतात, तर ताणामुळे. ताण कुणाला, तर अशा स्वभावाच्या माणसांना. "तू फार टेन्शन घेतेस" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते पटलंही होतं. आपल्या दवाखान्यात कोण येतं, तर ज्यांना फी आणि वेळ परवडतो आणि जे आपल्या आजाराचा पाठपुरावा करतात. त्यांच्यावरून सगळ्या रुग्णांचा स्वभाव ठरवला, तर नमुनाच तिरका पडतो. संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला हे शिकवतात, आणि तरी.

आता त्याच काळातल्या एका वेगळ्या माणसाकडे वळू. कार्ल लॅशली, हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ, यालाही ऑरा यायचा. (दुखणं येण्याआधीच्या या दृष्टिखेळाला आता ऑरा म्हणतात. तो सगळ्या रुग्णांना येत नाही, साधारण चारातल्या एकाला येतो.) लॅशलीनं कागदावर आपल्या आंधळ्या डागाची हद्द वेळ टाकून पुन्हा पुन्हा आखली. एअरीनं केलं तेच. फरक इतकाच की लॅशलीच्या हाती नकाशा होता. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्सनं दाखवलं होतं की नजरेतला कुठला भाग कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या वळ्यावळ्यांच्या थरावर, कुठे पडतो. या नकाशाची खुबी अशी की नजरेच्या मध्याला तिथे भरपूर जागा मिळते आणि कडेला अगदी थोडी.

मग गणित सोपं होतं. डाग मध्यापासून कडेपर्यंत जायला लागणारी मिनिटं माहीत, कॉर्टेक्सवरचं तेवढं अंतर माहीत. भागाकार केला. १९४१ मध्ये लॅशलीनं लिहिलं : कॉर्टेक्सवरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकत असावं. पुढे तीव्र उत्तेजनाची लाट, तिच्या मागे शांतता. आणि एअरीचं कोडंही सुटतं. लाट मेंदूवर एकाच वेगानं चालते. पण मध्याला जागा जास्त दिलेली असल्यामुळे तिथे ती रेंगाळल्यासारखी दिसते आणि कडेला पळाल्यासारखी. दाते मोठे होत जातात तेही त्यामुळेच.

रक्तवाहिनी आकसली असती तर तिच्या क्षेत्रातली नजर एकदम गेली असती. ती मिनिटाला ३ मिलिमीटर चालत गेली नसती.

तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, दुसरा लेख छापून आला. हार्वर्डमध्येच ब्राझीलहून आलेला एक तरुण, आरिस्तीदेस लेआंव, डॉक्टरेटसाठी अपस्मारावर काम करत होता. सशाच्या मेंदूला विजेचा हलका झटका द्यायचा आणि अपस्मारासारख्या लहरी कशा पसरतात ते पाहायचं, असा बेत. लहरींऐवजी विद्युतनोंद सपाट झाली. शेजारच्या इलेक्ट्रोडवर थोड्या वेळानं तेच, मग त्याच्या पुढच्यावर. शांतता सरकत होती, मिनिटाला काही मिलिमीटर. तुमचा-माझा पहिला विचार काय असता? वायर सुटली, सेटअप खराब, उद्या परत करू. लेआंवनं तीच शांतता आपल्या कामाचा विषय केली. आज तिला कॉर्टेक्सवर पसरणारी मंदता म्हणतात : पेशी आधी एकदम पेटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं, त्यानं शेजारच्या पेशी पेटतात, आणि पेटलेल्या काही मिनिटांसाठी मुक्या होतात.

पुढच्या वर्षी लेआंवनं रॉबर्ट मॉरिसनबरोबरच्या लेखात मायग्रेनचा ओझरता उल्लेख केला आणि विषय तिथेच राहिला. लॅशलीचा वेग आणि लेआंवचा वेग शेजारी ठेवून हे दोन्ही एकच असू शकेल असं सरळ मांडलं ते पीटर मिल्नरनं, १९५८ मध्ये, एका छोट्याशा टिपणात. मेंदूतलं सुखाचं केंद्र शोधणाऱ्या ओल्ड्स-मिल्नर जोडीतला हाच तो मिल्नर. एकाच विद्यापीठाशी जोडलेले दोन लेख, तीन वर्षांच्या अंतरानं छापलेले, त्यांना नीट भेटवायला आणखी चौदा वर्षं आणि तिसरा माणूस लागला. वाङ्मय-आढावा हे प्रकरण आपण सगळेच शेवटच्या महिन्यात उरकतो, म्हणून सांगितलं.

भेटवूनही लगेच काही झालं नाही. सशात दिसलेलं माणसात होतं का, हे पाहायला साधन नव्हतं. १९८१ मध्ये कोपनहेगनच्या येस ओलेसेन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी झेनॉन वापरून मेंदूचा रक्तप्रवाह मोजला. तपासणी चालू असतानाच काही रुग्णांना अटॅक आले, आणि रक्तप्रवाहातली घट मेंदूच्या मागच्या भागातून पुढे सावकाश सरकताना दिसली. वाहिन्यांच्या हद्दी ओलांडून. १९९० मध्ये त्याच गटानं वेळा जुळवून दाखवल्या : दुखणं सुरू होतं तेव्हा रक्तप्रवाह अजून कमीच असतो. फुगलेल्या वाहिन्यांमुळे दुखतं म्हणावं तर क्रमच उलटा. २००१ मध्ये नुशीन हजीखानींच्या गटाला एक असा माणूस मिळाला, ज्याला व्यायाम केल्यावर आपल्याला ऑरा येतो हे स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. त्यानं व्यायाम केला आणि तो एमआरआय यंत्रात झोपला. कॉर्टेक्सवरून बदलाची लाट चालत गेली, मिनिटाला साडेतीन मिलिमीटरनं. लॅशलीचा पेन्सिलीचा हिशेब साठ वर्षांनी अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं बरोबर निघाला. आणि २०१३ मध्ये, पुन्हा कोपनहेगनला, चालू अटॅकमध्ये धमन्यांची चित्रं घेतली, तर दुखऱ्या बाजूची कवटीबाहेरची धमनी फुगलेलीच नव्हती. आतल्या धमन्यांत बदल होता, पण अगदी किरकोळ.

पण मग ठणकतं ते काय? मला तरी हा प्रश्न सोडवत नव्हता, कारण ठणका तर मी स्वतः अनुभवते. २०१२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू आन यांच्या गटानं साधी गोष्ट केली. दात ठणकणाऱ्या रुग्णांना ठणक्यासरशी बटण दाबायला सांगितलं आणि त्याच वेळी नाडी नोंदवली. ठणका नाडीपेक्षा हळू निघाला, आणि दोघांचा ताल जुळत नव्हता. शतकानुशतकं सगळ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट, आणि तपासायला लागलं एक बटण. वाचल्यावर पुढच्या अटॅकला मी डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवून पाहिलं. मला तरी ताल जुळलेला वाटला नाही. त्या अवस्थेतल्या मोजणीवर माझा स्वतःचाच फारसा विश्वास नाही, पण तुम्हाला हा आजार असेल तर करून पाहा.

वेदना कुठून येते, याचं आजचं उत्तर थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही नव्या पाठ्यपुस्तकात आहे. मेंदूच्या आवरणांतल्या वाहिन्यांभोवती ट्रायजेमिनल मज्जातंतूची टोकं असतात. ती सीजीआरपी नावाचं पेप्टाइड सोडतात आणि वेदनेचा मार्ग जागा होतो. हे पेप्टाइड सापडलं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅल्सिटोनिनच्या जनुकावर काम करणाऱ्यांना, ज्यांच्या मनात मायग्रेन नव्हती. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडव्हिन्सन यांना अटॅकमधल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेच्या रक्तात ते वाढलेलं मिळालं. २००२ मध्ये रुग्णांना ते टोचल्यावर मायग्रेन सुरू झाली. एकत्र उतरणाऱ्या दोन रेषा आणि हे, यातला फरक लक्षात आला असेल : इथे कारण मुद्दाम घालून परिणाम पाहिला. २०१८ मध्ये सीजीआरपीचा मार्ग अडवणारं एरेन्युमॅब अमेरिकेत मंजूर झालं. २०१९ मध्ये आलेलं लॅस्मिडिटान तर रक्तवाहिन्या न आकसवताच अटॅक थांबवतं. लॅथमपासूनचा वाद माझ्या मते तिथे मिटला, जरी वाहिन्यांचा काहीच हात नाही असं कुणी म्हणत नाही. ऑराविना मायग्रेन होणाऱ्यांत सुरुवात नेमकी कशी होते, हेही पूर्ण उलगडलेलं नाही.

'डोकंच दुखत होतं ना' याचं उत्तर मला हँबर्गच्या एका प्रयोगात मिळालं. लॉरा शुल्टे आणि आर्ने माय यांनी एका रुग्णाला तीस दिवस रोज एमआरआयमध्ये घातलं. रोज नाकाला अमोनियाचा झोंबरा वास द्यायचा आणि मेंदू काय करतो ते पाहायचं. त्या महिन्यात तीन अटॅक आले. दुखणं सुरू होण्याच्या आधीच्या चोवीस तासांत हायपोथॅलॅमसचं वागणं बदलत होतं. म्हणजे भूक, तहान, झोप सांभाळणारा भाग. २०१६ मध्ये हे छापून आलं, एका माणसावरचा अभ्यास म्हणून. एन बरोबर एक म्हणून आपण हसतो खरं, पण एअरीही एकटाच होता आणि लॅशलीही.

हे वाचल्यावर मी माझी डायरी काढली. डॉक्टरांनी वर्षभर लिहायला सांगितली होती. त्यात मी ठामपणे लिहिलं होतं : 'चॉकलेटमुळे'. अकरापैकी सात वेळा आदल्या संध्याकाळी चॉकलेट खाल्लेलं. आता परत पाहिलं तर त्याच सात दिवशी 'जांभया', 'सारखी तहान', 'वाचनात लक्ष नाही' असंही लिहिलेलं होतं, समासात, बिनमहत्त्वाचं म्हणून. गोड खावंसं वाटणं हीच अटॅकची पहिली पायरी असेल तर? मी परिणामाला कारण समजून वर्षभर चॉकलेट टाळलं होतं, आणि अटॅक तेवढेच राहिले होते. झोपेची वेळ आणि सकाळचं खाणं मात्र खरंच फरक पाडतं असं माझ्या नोंदी सांगतात. रात्रभर चालणारे प्रयोग मी आता सलग दोन रात्री लावत नाही. गोळ्यांचेही दिवस मोजते : महिन्यात दहा दिवसांहून जास्त ट्रिप्टान किंवा पंधरा दिवसांहून जास्त साधी वेदनाशामकं घेतली, की औषधामुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

गाइडना मी हे सगळं सांगितलं ते प्रगती अहवालाच्या आधी, घाबरतच. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आलं होतं, तो पेपर सोबत नेला होता. त्यांनी तो चाळला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मला बावीसाव्या वर्षापासून आहे. आमच्या वेळी सांगायची पद्धत नव्हती." मग माझा अहवाल उघडून त्यांनी दुसऱ्या आलेखावर बोट ठेवलं आणि त्यातला कंट्रोल कुठे आहे ते विचारलं.

आता टेबलाच्या खणात आलेखाचा कागद आणि पेन्सिल असते. मागच्या महिन्यात ऑरा आला तेव्हा मी भिंतीवर एक खूण करून तिच्याकडे नजर लावली आणि दर दोन मिनिटांनी रेघ आखली. पहिली चार मिनिटं हुकली, कारण ती पेन्सिल शोधण्यात गेली. उरलेल्या नऊ रेघा आहेत.